वेगळी खोली

सिग्नलला बस थांबली आणि समोर मी. म्हणजे मी बसमध्येच, खिडकीपाशी, मांडीवर डब्याची पिशवी, केस अजून ओले. आणि चौकातल्या त्या मोठ्या इमारतीच्या अंगावर, खालच्या औषधाच्या दुकानापासून वर गच्चीपर्यंत, पुन्हा मीच. निळा कोट घातलेली, हात पुढे केलेली, दात दाखवणारी. मागे बर्फाचे डोंगर. खाली आमच्या सहल कंपनीचं नाव आणि त्याखाली लिहिलेलं: ‘चला मैत्रिणींनो, मी नेते तुम्हाला!’ मी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. शेजारची बाई मोबाइलमध्ये होती. कोणाचंच लक्ष नव्हतं. अगंबाई, म्हटलं, ही मी कुठे निघाले? आणि जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. कारण बर्फ मी आयुष्यात पाहिलेला नाही. फ्रीजमधला सोडून. सिग्नल सुटला, बस वळली, आणि तेवढ्यात त्या चेहऱ्याचा एक डोळा झाडाच्या फांदीआड गेला, दुसरा माझ्याकडे बघत राहिला.

फोटो कधी काढला ते आठवायला वेळ लागला नाही. मागच्या वर्षी ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथे जुनी पत्रकं आणि तुटक्या छत्र्या ठेवतात तिथे, भिंतीला हिरवं कापड लावून एक फोटोवाला आला होता. ओळखपत्रासाठी फोटो हवेत, असं आम्हाला सांगितलं होतं. मला म्हणाला, लीडरचा कोट घाला. मी म्हटलं, मी लीडर नाही, मी हॉटेलच्या खोल्या बघते. तो म्हणाला, असू दे, रंग छान दिसतो, हात जरा पुढे करा. कोट कॅप्टनचा होता. कॅप्टन म्हणजे आमचा सगळ्यात मोठा टूर लीडर, जहाजाशी त्याचा काही संबंध नाही, पण गर्दीत हात वर करून उभा राहिला की लोक आपोआप त्याच्यामागे रांगेत येतात म्हणून कॅप्टन. तो कोट माझ्या खांद्यावरून ओघळत होता. तेव्हा फोटोवाल्याने खिशातून कपडे वाळत घालायचे चिमटे काढले आणि माझ्या पाठीमागे, मानेपासून कमरेपर्यंत, सगळा जास्तीचा कोट गोळा करून चिमट्यांनी आवळला. पुढून काय दिसत होते मी! जणू माझ्याच मापाचा शिवलेला. मी हसले ते त्या चिमट्यांमुळे हसले, गुदगुल्या होत होत्या म्हणून. आता तेच हसू त्या इमारतीवर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आई म्हणतात ते हेच.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा या सगळ्यात मोठा वाटा आहे, पण तो पुढे.

ऑफिसात पोचले तर फोन थांबायला तयार नाही. बायकांची खास सहल, फक्त बायकाच, वर डोंगरात, बर्फात. आणि प्रत्येकीचा प्रश्न एकच, त्या पोस्टरवरच्या बाई येणार ना? रिसेप्शनवरची मुलगी मला बघून फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही एकदम फेमस! काय सांगू यांना?” मी म्हटलं, “मला विचारतेस? मलाच कोणी सांगितलेलं नाही.” असं म्हणताना मात्र, खरं सांगते, छातीत काहीतरी उडालं. आनंदच होता तो. वाटलं, असंच असेल बाई. काकांनी मला न सांगता ठरवलं असेल. काका म्हणजे आमचे मालक. सगळे त्यांना काकाच म्हणतात, आणि ते सगळ्यांना घरचं म्हणतात. घरच्यांना कोणी विचारून थोडंच काही ठरवतं? मी खुर्चीत बसले, टेबलाचा खण उघडला, बंद केला, आणि स्वेटर कोणता न्यायचा याचा विचार करायला लागले. बाजारात तुरी, दुसरं काय.

मी इथे लागले तेव्हाच विचारलं होतं, मला लीडर व्हायचंय. काका हसले होते, छान हसले होते, म्हणाले, आधी ऑफिस शीक. शिकले. मग म्हणाले, पुढच्या सीझनला बघू. पुढच्या सीझनला माझं लग्न ठरलं, तर म्हणाले, आता काय, आता संसार कर. मग लेक पोटात होती, मग ती अंगावर पीत होती, मग ती शाळेत जायला लागली, आणि दर वेळी माझ्याआधी काकांनाच माझ्या घराची काळजी. आणि या सगळ्याच्या तळाशी, कायमचं, न हलणारं, एक वाक्य होतं: बाईला वेगळी खोली लागते. पुरुष लीडर ड्रायव्हरबरोबर एका खोलीत झोपतो. बाई कशी झोपणार? म्हणजे दर मुक्कामाला एक खोली जास्त. कोण देणार? यावर माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. खोल्या मीच लावायचे ना, मला माहीत होतं खोली मिळवणं म्हणजे काय असतं ते. त्यामुळे मी गप्प बसायचे, आणि नवीन आलेल्या पोरांना शिकवायचे. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, उलटी होणाऱ्याला पुढे कसं बसवायचं, रुसलेल्या नवराबायकोला फोटोत शेजारी कसं उभं करायचं. गाडी सुटल्यावर कॅप्टन जे बोलतो, ज्यावर अख्खी गाडी हसते, ते मी लिहून दिलेलं आहे. तो बोलतो चांगलं, नाही म्हणायचं नाही. पण विनोद माझा आहे.

दुपारी काकांनी बोलावलं. कॅप्टन आधीच बसला होता, पेपरवेट फिरवत. काका खुशीत. “ये गं, ये. काय फोटो आलाय तुझा! सहल भरली बघ. तुझ्यामुळे.” मी बसले. म्हणाले, “आता एक काम करायचं. निघायच्या दिवशी तू कोट घालून उभी राहायचंस. बायका तुला बघायला येणार. गाडीत चढायचं, माइकवर बोलायचं, मस्त हसवायचं. शहर संपलं की पेट्रोल पंपावर गाडी थांबेल. तिथे तू उतरायचंस, हा चढेल.” मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघडलंय. मी कॅप्टनकडे पाहिलं. तो पेपरवेटकडे बघत होता. मी विचारलं, “आणि बायकांना काय सांगायचं?” काका म्हणाले, “सांगायचं, मी मागच्या गाडीने येते, वर भेटू. वर पोचेपर्यंत विसरतात गं. बर्फ दिसला की कोणाला कोण आठवतंय!” आणि हसले. नेहमीसारखेच, छान. त्यांना यात काही वावगं दिसतच नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. दुष्टपणे म्हणाले असते तर मी उठून दोन शब्द तरी ऐकवले असते. “तुला का पाठवत नाही, तुला माहीतच आहे,” ते मायेने म्हणाले, “खोलीचा प्रश्न. आणि तुझ्या सासूबाईंना काय तोंड दाखवू मी?” मी तोंड उघडलं. आतून काहीतरी मोठं बाहेर पडणार असं वाटलं. आणि बाहेर काय पडलं? “बरं.” एवढंच. बरं! माझाच आवाज, माझ्याच तोंडातून. मला वाटलं खोलीत तिसरीच कोणी बाई येऊन बसलीये आणि तीच माझ्या वतीने बोलतेय.

जागेवर आले. काम करायचं म्हणून वरच्या हॉटेलला फोन लावला. तिथल्या खोल्या बघणारी बाई आणि मी इतकी वर्षं बोलतोय, की तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला माहीत आहे, माझ्या लेकीचे दात कधी पडले ते तिला माहीत आहे. एकमेकींना पाहिलेलं नाही. कोणत्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, कुठे गरम पाणी उशिरा येतं, कोणत्या मजल्यावरून डोंगर दिसतो, सगळं मला पाठ आहे, आंधळ्याला घर पाठ असतं तसं. आम्ही खोल्या लावायला लागलो. या दोघी बहिणी, एक खोली. या दोघी शेजारणी, एक खोली. मायलेकी. विहिणी, दोघींबरोबर एकेक बहीण, त्यांना लांब लांब खोल्या द्या, भांडून आल्यात. ती हसली. “आणि एक रिटायर्ड नर्सबाई आहेत,” मी म्हटलं, “एकट्याच येतायत, त्यांना जोडीला कोणी नाही.” ती म्हणाली, “म्हणजे त्यांच्या खोलीत एक पलंग रिकामा.” मी म्हटलं, “हो, नेहमीसारखा. आणि कॅप्टन आणि ड्रायव्हर, एक खोली.” ती म्हणाली, “बरं. या वेळी तरी तुम्ही याल असं वाटलं होतं हो मला. बातमी आली इकडे तुमच्या फोटोची.” मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

फोन ठेवला आणि मग कळलं. हळूहळू नाही. भिंतीवरून कॅलेंडर खाली पडावं तसं, एकदम. नर्सबाईंच्या खोलीत एक पलंग रिकामा. कॅप्टनच्या जागी मी गेले तर मी तिथे. ड्रायव्हर त्याच्या खोलीत एकटा. खोल्या तितक्याच. एकही जास्त नाही. मी पुन्हा मनात लावून पाहिल्या. तितक्याच. आणि मग मागच्या सहली आठवायला लागल्या, त्याच्या मागच्या, त्याच्याही मागच्या. प्रत्येक सहलीत एक तरी बाई एकटी असायचीच. विधवा मावशी, लग्न न झालेली कारकून, नवऱ्याशी भांडून आलेली एक डॉक्टरीण. प्रत्येक सहलीत एक पलंग रिकामा, आणि तो रिकामा ठेवणारी मी. नेहमीसारखा, असं म्हणणारी मी. खोल्या लावताना लावणारा स्वतःला कधी धरत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तो तर घरी असतो ना. देवा रे! इतकी वर्षं माझा पलंग मीच अंथरून ठेवत होते आणि त्यावर कोणाला झोपवत नव्हते. रागही आला नाही लगेच. नुसती बसून राहिले, समोरच्या कळफलकाकडे बघत, तोंड अर्धवट उघडं टाकून. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “ताई, काय झालं? पाणी देऊ?”

काकांच्या दारापर्यंत गेले. सांगितलं, सरळ. नर्सबाई, रिकामा पलंग, ड्रायव्हर. जास्तीची खोली लागत नाही. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं, हाताच्या बोटांवर जुळवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, जिंकले. ते म्हणाले, “काय डोकं आहे गं तुझं! म्हणूनच तर तुला ऑफिसातून हलवत नाही मी. तू गेलीस तर इथे कोण बघणार हे सगळं?” मी दारातच उभी राहिले. खोलीचा प्रश्न तर मी सोडवला होता. म्हणजे खोलीचा प्रश्न नव्हताच की काय कधी? त्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला. बोलणं संपलं होतं.

घरी सांगणार होते, शपथ. पण दार उघडलं तर आईंनी माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवलेली. त्यांना चौकातला फोटो शेजारणीने दाखवायला नेलं होतं. लेक नाचत होती. नवरा म्हणाला, “आता आमचं कसं होणार?” तर आई त्याच्यावर कडाडल्या, “तुझं काय होणार? हात आहेत ना तुला? मी आहे ना घरी?” मग माझ्याकडे वळल्या, एकदम मऊ होऊन. “जा गं तू. मी कधी कुठे गेले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं हो, पण कोणी जा असंही म्हटलं नाही. मी म्हणते. जा.” आणि त्यांनी स्वतः विणलेला जाड स्वेटर, ज्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे, घडी घालून बॅगेत ठेवला. काकांना ज्या सासूबाईंना तोंड दाखवायचं नव्हतं, त्या याच. मी काय बोलणार? मी त्यांना सांगितलंच नाही. रोज सांगू सांगू म्हणत निघायचा दिवस उजाडला, आणि बॅग हातात घेऊन घराबाहेर पडले, खोटी खोटी, खऱ्या बॅगेसकट.

ऑफिससमोर गाडी उभी. बायकांचा हा गलका! मला बघताच टाळ्या. कोणी माझ्याबरोबर फोटो काढतंय, कोणी हात धरतंय, एक म्हणाली, “तुम्ही आहात म्हणून माझ्या मुलाने सोडलं हो.” ते ऐकून मला कसंतरी झालं. रिसेप्शनच्या मुलीने कॅप्टनचा कोट घालून दिला आणि मागून चिमटे लावले, पटापटा, खालमानेने. गडबडीत ड्रायव्हरने माझी बॅग उचलून डिकीत आधीच टाकली होती, तिच्यावर सगळ्यांच्या. काका फुटपाथवरून हात हलवत होते. गाडी सुटली.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही कोणाला शिकवली नव्हती, कारण मला माहीतच नव्हती. लीडरची पाठ रस्त्याकडे असते. तो लोकांकडे तोंड करून उभा राहतो, आणि रस्ता त्याला लोकांच्या तोंडावर दिसतो. पूल आला की सगळ्यांचे चेहरे उजळतात, बोगदा आला की काळे होतात. मी माइक घेतला. म्हटलं, “मैत्रिणींनो, गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, हे ज्यांना आत्ता आठवतंय, त्यांनी शांत बसा. शहर संपलं की ती काळजी घरी राहिलेल्यांची.” गाडी फुटली हसून. कॅप्टनला हसतात त्याच्या दुप्पट हसल्या, कारण बायकाच होत्या, त्यांनाच ठाऊक गॅस काय असतो. पुढच्याच सीटवर नर्सबाई, पांढरे आखूड केस, डोळे पुसून पुसून हसत होत्या. आणि मला, माइक हातात, इतकं बरं वाटत होतं की रडू येत होतं. मी आणखी बोलत गेले. थांबले तर पंप येईल असं वाटत होतं.

पंप आलाच. मला तो दिसला नाही, गाडी हळू झाली तेव्हा कळला. दार उघडलं. खाली कॅप्टन, हातात छोटी बॅग. ड्रायव्हर माझ्याकडे न बघता पुटपुटला, “ताई, तुमची बॅग खाली दबलीये. काढायची तर सगळं सामान काढावं लागेल. राहू दे, परत येताना आणतो.” म्हणजे माझी बॅग बर्फ बघून येणार होती. माझ्या सासूबाईंचा स्वेटर बर्फ बघून येणार होता. मी माइक जागेवर ठेवला, आणि उतरायला वळले. पहिल्यांदाच बायकांकडे माझी पाठ झाली.

“अगंबाई!” मागून नर्सबाईंचा आवाज. “हे काय लावलंय पाठीला? चिमटे?”

आधी हशा पिकला. मग कोणीतरी म्हणालं, “अहो, कोट दुसऱ्याचा दिसतोय.” नर्सबाई उठल्या आणि, जखमेची पट्टी काढावी तसे, एकेक चिमटा काढायला लागल्या. कोट सैल होत गेला. खांद्यावरून ओघळला. “कोणाचा हा?” त्यांनी विचारलं. कॅप्टन पायरीवर चढला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. “यांचा.” “मग तुमचा कुठे?” “माझा नाही. कधी शिवलाच नाही.” मला ‘वर भेटू’ म्हणायचं होतं, खरंच, ठरलेलं वाक्य होतं ते, जिभेवर होतं. निघालं वेगळंच. “मला इथे उतरायला सांगितलंय. इथून पुढे हे नेणार तुम्हाला. मी फक्त फोटोत आहे.”

आता मागे कालवा सुरू झाला. फसवणूक आहे, पैसे परत घ्या, फोन लावा. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी नर्सबाईंकडे बघत होते. म्हटलं, “तुमच्या खोलीत एक पलंग रिकामा आहे.”

त्या म्हणाल्या, “मग त्यात विचारायचं काय? मी घोरते मात्र. आधीच सांगते.”

मी कोट काढला आणि कॅप्टनच्या हातात दिला. त्याने तो घेतला. चेहरा पडलेला. वाईट माणूस नाही तो, मीच शिकवलेला आहे. हळूच म्हणाला, “वर थंडी असते. ठेवा हवा तर.” मी म्हटलं, “स्वेटर आहे.” त्याने काकांना फोन लावला, झालेलं सांगितलं आणि पायरीवरूनच फोन माझ्या हातात दिला. काकांचा आवाज चढलेला, मी कधी न ऐकलेला. “काय तमाशा लावलायस? परत ये आधी! तुला तिथे खोली कोण देणार?”

“खोली लागत नाही, काका,” मी म्हटलं. “कधीच लागत नव्हती.”

मी फोन कॅप्टनला परत दिला. तो खाली उतरला, पंपावर उभा राहिला, एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर कोट. ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “चला.” आवाज माझाच होता, या वेळी शंका नव्हती, पण एका हाताने सीटची कड घट्ट धरली होती. परत आल्यावर माझी खुर्ची तिथे असेल का, आईंना काय सांगायचं, लेकीची फी कुठून भरायची, डोक्यात नुसता गोंधळ. हे मी केलं? मी? दार बंद झालं. मी वळून पुन्हा बायकांकडे तोंड केलं, रस्त्याकडे पाठ केली. बोलायचं होतं, पण काय बोलायचं सुचेना. पंपाच्या पुढचं मी कधी कोणाला लिहूनच दिलं नव्हतं.

सगळ्या माझ्या मागे, पुढच्या काचेतून, काहीतरी बघत होत्या. मला दिसत नव्हतं.

“वळण येतंय,” नर्सबाई म्हणाल्या. “धरून उभ्या राहा.”

मी वरची दांडी धरली.